समोरचे दुकानदार यांस

ज्याच्याशी भांडण असेल त्याला वेंकोबराव कधीच पत्र लिहीत नसत. त्याच्या समोर जो राहत असेल, त्याला लिहीत.

हसू नका. या एका सवयीवर त्यांनी आमच्या बसवनगुडीतल्या कितीतरी लोकांचे बुडालेले पैसे परत मिळवून दिले होते. त्यांत मीही होते, त्यामुळे मला तर हसायचा अधिकारच नाही. तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलेच, अगदी त्यांच्या तोंडावर. ते शांतपणे म्हणाले, "हसून घ्या की अक्का. मग सांगा, समोर कोण?"

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणे. बेंगळूरला सगळ्यांनाच अक्का आणि अण्णा. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले, तेव्हा आठवडाभर मला वाटत होतं की मी अचानक म्हातारी झाले.

तर ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. तेव्हा लोकांना फसवायला कुणाला घरी यावं लागत नसे. साप्ताहिकाच्या मागच्या पानावर जाहिरात असायची, आपण तिच्याखालच्या पत्त्यावर कार्ड टाकायचं, की महिन्याभरात व्ही.पी.नं पार्सल दारात. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे, आणि फोडल्यावर आपलं तोंड बघायला पोस्टमन थांबत नसे.

मी मागवलं होतं स्वेटर विणायचं यंत्र. जाहिरातीतली बाई एका हातानं यंत्र चालवत होती आणि दुसऱ्या हातानं चहा पीत होती. मला त्या चहानंच भुलवलं. पार्सल फोडलं तर आत एक फळी, तिच्यावर दोन रांगांत ठोकलेले खिळे, आणि लिंबाएवढा लोकरीचा गुंडा! नवरा घरी यायच्या आत मी ती फळी पलंगाखाली ढकलली. पण मुनियप्पा पोस्टमननं पार्सल आणताना आतला खुळखुळाट ऐकला होता, आणि तो त्यानं आमच्या समोरच राहणाऱ्या वेंकोबरावांना जाऊन सांगितलाही होता. संध्याकाळी वेंकोबराव माझ्या पायरीशी हजर.

उंच, वाळलेला माणूस. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. तीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला काढलेली. घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे आलेलं, म्हणजे मराठी बोलायची ती आमच्या आजेसासूच्याही आधीची, वर कन्नडची फोडणी. लिहायची मात्र कन्नड अक्षरांत. "मराठी आईनं दिली, अक्षर शाळेनं दिलं. दोन्ही कशाला सोडायचं?" असं म्हणत. मला कन्नड बोलता येते, पण अक्षरं बसच्या पाट्यांपुरतीच येतात, म्हणून त्यांचं घरचं लिखाण मला कधी वाचता आलं नाही. उत्तरेकडच्या ठकांसाठी ते हिंदी लिहीत. ती त्यांनी परीक्षा देऊन मिळवलेली होती, त्यामुळे फारच शुद्ध होती.

"कंपनीला मी पाच पत्रं लिहिलीत," मी फणकारून म्हटलं. "रजिस्टर्ड!"

"पाकिटातून?"

"मग काय भिंतीवर लिहू?"

"तिथंच चुकलं, अक्का. पाकीट म्हणजे कानात बोलणं. चोराच्या कानात किती का बोला, त्याला काय? कार्ड टाका. कार्ड म्हणजे गांधी बाजारात उभं राहून बोलणं. तीस वर्षांत एक कार्ड न वाचता पुढं गेलेलं मी बघितलं नाही. मीच वाचत होतो की!"

आणि ते कार्डही कंपनीला नाहीच. मांडीवर पाट घेऊन त्यांनी पत्ता लिहिला: "श्रीमान समोरचे दुकानदार, अमुक कंपनीच्या बरोबर समोर," मग गल्ली आणि गाव. समोर कोण आहे हे यांना बेंगळुरात बसून माहीत नसायचं. पण तिथल्या पोस्टमनला माहीत असतं, आणि तो मुकाट्यानं नेऊन देतो. मजकूर असा, की आपल्या समोरच्या सज्जनांनी आमच्या भगिनीस यंत्राऐवजी खिळ्यांची फळी पाठवली आहे, नजरचुकीनं असेल, आपण येता-जाता त्यांना आठवण करावी. शेवटी लाल पेनानं त्यांचं ठरलेलं वाक्य: "मागणं साधं आहे. माल किंवा पैसे, दोहोंपैकी एक. आणि रागावू नका."

दर सोमवारी एक कार्ड. समोर निघाला न्हावी. सहाव्या कार्डानंतर त्या न्हाव्याचं उत्तर आलं. मालक रोज त्याच्याकडेच दाढीला येत असे. न्हाव्यानं साबण लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि तिथं थांबून विचारलं, "साहब, वो बंगलोरवाली बहनजी का क्या हुआ?" पंधरा दिवसांत माझी मनिऑर्डर आली. तिच्या चिठोऱ्यावर मालकानं लिहिलं होतं, "कृपया अब नाई को चिट्ठी न भेजें."

मग काय! गल्लीत जत्राच लागली. उंची वाढवायच्या गोळ्यांऐवजी साखरेच्या गोळ्या मिळालेले, केसांच्या तेलानं होते तेही केस गमावलेले, सगळे समोर. वेंकोबराव प्रत्येकाला तेच विचारत, "समोर कोण?" आणि कुणी रागानं "त्या भामट्याला असा धडा शिकवा" म्हणालं की म्हणत, "स्वल्प हळू. माणूस लबाड असतो, त्याचा शेजारी नसतो." कुठकुठल्या गावांतले चहावाले, शिंपी, पंक्चरवाले त्यांना दिवाळीला कार्डं पाठवू लागले. स्वतः मात्र हा माणूस आयुष्यात म्हैसूरच्या पुढे गेलेला नव्हता.

त्यांची दुसरी खोड म्हणजे रविवारची. चार घरांतली जुनी साप्ताहिकं गोळा करायची आणि फक्त जाहिराती वाचायच्या. गोष्ट नाही, बातमी नाही. जाहिरातीतलाही माल बघायचा नाही, खालच्या बारीक अक्षरातला पत्ता तेवढा पट्टी धरून वाचायचा. "नवे ठक कुठं कुठं उगवलेत ते बघून ठेवतो," म्हणायचे. मला पटलं. न पटायला काय झालं? ज्याचा त्याचा छंद.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही गल्लीत बोलत नसू. वेंकोबरावांना एक मुलगी होती, नलिनी. आई लवकर गेली, यांनीच वाढवली. तिची वेणी हे घालत, वाकडी. पोरगी तशीच शाळेत जायची, पण वेणी सोडायची नाही. कॉलेज झालं, नोकरी लागली, आणि त्या नोकरीत अंबाल्याचा बलदेव नावाचा मुलगा भेटला. तिनं घरी सांगितलं. वेंकोबराव ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत, तीच तर पंचाईत. एवढंच म्हणाले, "जा. पण पत्र लिहू नकोस." तिनं पोचल्यावर पत्ता कळवणारं एक पत्र टाकलं. त्याला उत्तर गेलं नाही, आणि मग तिनंही वडिलांचं ऐकलं. सहा वर्षं ऐकलं. तिचं नाव काढलं की ते पेनाचं टोपण उघडझाप करत बसायचे, म्हणून मी नाव काढणं सोडलं.

एका रविवारी मी साप्ताहिकं द्यायला गेले, तर हे जाहिरातीवर पट्टी ठेवून उभेच. "अक्का, मला एक दुर्बीण मागवायची आहे."

"दुर्बीण? तुम्हाला?"

"हं. स्वल्प लांबचं बघावं म्हणतो."

कंपनी अंबाल्याची. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला. मला आपलं वाटलं, म्हातारा शेवटी स्वतःच गळाला लागला. झालंही तसंच. पार्सलमधून निघाल्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या, टोकाला चष्म्याच्या काचा. त्यातून बघितलं की आमचं घर उलटं दिसायचं. वेंकोबराव खुशीत आले. ताबडतोब कार्ड! कंपनीच्या समोर निघाली पिठाची चक्की. चक्कीवाले सरदारजी म्हणजे साक्षात मोठा आवाज. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर कार्ड वाचून दाखवलं आणि महिन्यात पैसे परत आले.

इथंवर ठीक. पण पैसे हातात पडले आणि दुसऱ्या दिवशी यांनी त्याच कंपनीकडून पुन्हा दुर्बीण मागवली! या वेळी एकच नळी आली. तक्रार, चक्की, पैसे परत. मग तिसऱ्यांदा! दीड-दोन वर्षं हेच चाललेलं. माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गल्लीला अक्कल शिकवणारा माणूस एकाच खड्ड्यात तीनदा पडतो म्हणजे काय? मी सरळ विचारलं, "अण्णा, तुम्हाला वेड लागलंय का हो?"

"या वेळी बरी येईल," म्हणाले, आणि नजर चुकवून कॉफी करायला आत गेले.

आणि चौथ्या वेळी खरंच बरी आली. बरी म्हणजे अस्सल! चामड्याची पेटी, जड, काळीभोर, भिंगं कशी लखलखीत. सोबत मालकाची चिठ्ठी: "बाऊजी, पूरा बाज़ार हँसता है. यह हमारा सबसे बढ़िया पीस है. हाथ जोड़ता हूँ." मी ती डोळ्यांना लावली तर लांबच्या ब्यूगल रॉक बागेतल्या खडकावर बसलेल्या माणसाच्या हातातले शेंगदाणे दिसले. "अण्णा, जिंकलात की!" मी ओरडले. वळून बघते तर हे कट्ट्यावर मटकन बसलेले.

"संपलं, अक्का," म्हणाले. "आता काय लिहू?"

मला कळेना. त्यांनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात सरदारजींची कार्डं होती, तारखेवार लावलेली. एकेक माझ्या हातात देऊ लागले. प्रत्येक कार्डात वरच्या दोन ओळी दुर्बिणीच्या भांडणाच्या, आणि खाली, यांनी विचारलेल्या कुठल्याशा प्रश्नांची उत्तरं.

"आपने पूछा गली में नए लोग कौन हैं. ऊपर के मकान में एक बीबी है, आपकी तरफ़ की. छावनी के किसी मद्रासी फ़ौजी से काला दाना मँगवाकर पिसवाने लाती है. मैंने राई समझकर मना कर दिया था, बहुत लड़ी. कहती है इसकी रोटी न मिले तो नींद नहीं आती."

नाचणी! बेंगळूरच्या पोरीची नाचणी. मी कट्ट्यावर बसले.

पुढचं कार्ड: बीबी ठीक आहे, मध्ये ताप होता, उतरला. पुढचं: तिची छोटी मुलगी धान्याच्या काट्यावर चढून बसते, आज वजन केलं, साडेअकरा किलो. त्याच्या पुढचं: मुलगी तेरा किलो. त्याच्या पुढचं: पंधराला थोडं कमी, दात पडायला अजून वेळ आहे, पण बोलते फार.

वेंकोबरावांनी आपली नात कधी पाहिली नव्हती, नाव माहीत नव्हतं. वजन माहीत होतं. नलिनीच्या त्या एकुलत्या पत्रातली गल्ली त्यांना पाठ होती, आणि त्या गल्लीचं नाव कुठल्या तरी जाहिरातीखाली सापडावं म्हणून हा माणूस चार वर्षं दर रविवारी पट्टी धरून बसला होता. ठक पकडायला नव्हे. त्या गल्लीत पत्र पाठवायला एक निमित्त हवं होतं त्यांना, आणि ते निमित्त म्हणजे फसवलं जाणं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "अहो, मग सरळ लिहा की तिला! पंधरा पैशांचं काम!"

"कसं लिहू? पत्र लिहू नकोस हे मीच सांगितलं. तिनं पाळलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आधी पत्र लिहितो का कधी? मी इतकी वर्षं हे काम केलं, अक्का. एकानंही आपण होऊन लिहिलं नाही. लाज वाटते हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कार्ड घेतलं आणि "उजव्या भिंगात थोडा धूसरपणा" असं लिहिलं. मग दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, पुन्हा लावली. आणि कार्ड फाडलं. खोटी तक्रार त्यांच्यानं होईना. त्यानंतर कार्डं बंद. गल्लीतल्या कुणाचं काम आलं तरी "नंतर बघू" म्हणायचे. मुनियप्पा जाताना विचारायचा, "एनु अण्णा, कार्ड इल्ला?" म्हणजे काय अण्णा, कार्ड नाही? आणि हे मान हलवायचे. रविवारी साप्ताहिकं न उघडता तशीच परत द्यायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे, पण आमची खिडकी नेमकी तिकडेच उघडते.

दोनेक महिने असे गेले. मग एका सकाळी मुनियप्पा सायकल स्टँडला न लावता भिंतीला टेकवून, धापा टाकत माझ्या दारात. आमचं बोलणं नेहमी कन्नडमध्येच, त्याला मराठी येत नसे. "अक्का, तुमचं कार्ड. पण पत्ता बघा!"

पत्ता कन्नडमध्ये होता. त्यानंच वाचला: "समोरच्या अक्कांस, वेंकोबराव, रिटायर्ड पोस्ट, यांच्या घराच्या बरोबर समोर, बसवनगुडी." म्हणाला, "नलिनीचं अक्षर. हिच्या परीक्षांचे निकाल मीच आणून दिलेत."

मजकूरही कन्नड अक्षरांत, पण भाषा मराठी. आता आली का पंचाईत! मला समजेल पण वाचता येईना, मुनियप्पाला वाचता येईल पण समजेना. शेवटी तो पायरीवर उभा राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागला आणि मी उंबऱ्यात उभी राहून ऐकू लागले. काय वाचतोय हे त्याला कळत नव्हतं, माझ्या तोंडाकडे बघून तो मध्येच थांबायचा. मी म्हणायची, "वाच रे बाबा, वाच."

"समोरच्या अक्कांस नमस्कार. आपल्या समोरचे गृहस्थ आमच्या गल्लीत दुर्बिणीची तक्रार करत असत. दोन महिने कार्ड नाही. चक्कीवाले काका काळजीत आहेत, मीही आहे. त्यांचं पहिलं कार्ड चक्कीवर बघितलं तेव्हाच मी अक्षर ओळखलं होतं. पण पत्र लिहायचं नाही असं ठरलेलं, म्हणून लिहिलं नाही. काका उत्तर लिहायला बसले की मी मुलीला काट्यावर बसवत होते. वजन लिहा, म्हणून सांगत होते. अक्का, तुम्ही येता-जाता त्यांना विचारा, तब्येत बरी आहे का, आणि राग गेला का. मागणं साधं आहे. भेट किंवा पत्र, दोहोंपैकी एक. आणि रागावू नका. ता.क. आता सोळा किलो."

मुनियप्पानं कार्ड माझ्या हातात दिलं. "चांगली बातमी ना, अक्का?" मी नुसती मान हलवली आणि पायांत चप्पल न घालता गल्ली ओलांडली.

वेंकोबराव कट्ट्यावरच होते. आवाज त्यांच्यापर्यंत गेला असणार, कारण उभे राहिलेले होते. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा चढवला, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवून तसेच राहिले. मी डोकावले, पण मला कुठली ओळ ती कळणार?

"तीच बसवत होती," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, पोर आपण होऊन चढते." चष्मा काढून त्यांनी स्वेटरला पुसला, परत घातला, परत काढला. "सोळा म्हणते, अक्का. सोळा."

मी म्हटलं, "आता तरी लिहा. कार्ड आणू का माझ्याकडचं?"

ते आत गेले. मी घरी आले, भात लावला, पण लक्ष सगळं खिडकीत. अर्धा तास गेला. मग ते गल्ली ओलांडून आले, हातात घडी घातलेले चार-पाच कागद, आणि दारातच घुटमळले. या माणसानं माझ्याकडे इतक्या वर्षांत साखरसुद्धा मागितली नव्हती.

"अक्का," ते अगदी हळू म्हणाले, "तुमच्याकडे एक पाकीट असेल का? चिकटवायचं?"

मी दिलं. त्यांनी कागद आत सरकवले, कडेला जीभ लावून ते बंद केलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं, खूप वेळ. मग पुढे नुसतं तिचं नाव आणि पत्ता लिहिला, आणि कुणाच्या हातात न देता स्वतः चालत पेटीत टाकायला गेले. आमच्या गल्लीतली झाडून सगळी पत्रं मला माहीत असतात. त्या एकात काय लिहिलं होतं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.